नाण्याची ग्रेड चुकली किंवा नाणंच खराब झालं, तर भरपाई कोण देणार?

समजा, बोरिवलीतल्या एका घरात आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचे दोन रुपये निघाले. एक १९११ चा, पाचव्या जॉर्जच्या चेहऱ्याचा. दुसरा १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. दोन्ही नाणी संग्राहकांच्या जगात नावाजलेली. नातू चौकशी करतो, तेव्हा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "आधी ग्रेडिंग करून घे, मग किंमत बोल."

नातू नाणी देतो, फी भरतो आणि वाट बघत बसतो. काही महिन्यांनी नाणी परत येतात. एकाच्या कडेला आधी नसलेला ओरखडा दिसतो आणि दुसऱ्याची ग्रेड अपेक्षेपेक्षा खूपच खाली असते. फोन केल्यावर उत्तर मिळतं, "आमच्या अटी वाचा."

आता पुढे काय? भरपाई मागता येते का? मागायची तर कोणाकडे? आणि कायदा कुठपर्यंत साथ देतो? हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊया.

ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय?

ग्रेडिंग करणारी कंपनी दोन प्रश्नांची उत्तरं देते. नाणं खरं आहे का? आणि ते किती चांगल्या अवस्थेत आहे?

पहिल्या प्रश्नासाठी वजन, व्यास, धातू आणि छाप तपासली जाते. क्ष-किरणांच्या यंत्राने नाण्याला धक्का न लावता धातूचं प्रमाण कळतं. दुसऱ्या प्रश्नासाठी एकाहून जास्त तज्ज्ञ नाणं भिंगाखाली बघतात, स्वतंत्रपणे मत देतात आणि त्यातून एक आकडा ठरतो. मग नाणं प्लास्टिकच्या बंद खोक्यात सील होतं. याला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. त्यावर ग्रेड आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो.

हा आकडा १ ते ७० असतो. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी मांडली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० च्या पुढचं नाणं म्हणजे बाजारात न फिरलेलं, टाकसाळीतून आलं तसं. त्याखालचं म्हणजे कमी-जास्त झिजलेलं.

या कामाचा आज दिसतो तसा व्यवसाय झाला तो अमेरिकेत. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. आज जगभरातले लिलाव त्यांच्या स्लॅबवर चालतात. भारतातही नाण्यांच्या लिलावांत स्लॅबमधली नाणी सर्रास दिसतात आणि इथेही खासगी ग्रेडिंग सेवा आहेत.

एका रुपयात एवढी काय भानगड असते?

वरच्या डब्यातला १९३९ चा रुपया घ्या. ब्रिटिश भारताच्या रुपयांमध्ये हा दुर्मीळ मानला जातो, त्यामुळे त्याच्या नकलाही भरपूर आहेत. नक्कल करणारे शेजारच्या वर्षाचं साधं नाणं घेतात आणि शेवटचा आकडा कोरून बदलतात.

१९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. त्यामुळे १९४० चं नाणं खाडाखोड करून १९३९ चं केलं असेल, तर धातूची तपासणी ते लगेच पकडते. पण १९३८ च्या रुपयात ९१.७ टक्केच चांदी आहे. वजनही तेच, ११.६६ ग्रॅम. तिथे यंत्राचा उपयोग होत नाही. ८ चा ९ केलाय का, हे भिंगाखाली अनुभवी डोळ्यालाच दिसतं.

१९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी. त्यावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट दिसेल अशी दुरुस्त छाप आली. म्हणून हा 'पिग रुपया'. इथे प्रश्न असतो अवस्थेचा. तेच नाणं झिजलेलं असेल तर किंमत एक आणि न फिरलेलं असेल तर कित्येक पट.

थोडक्यात, ग्रेडरचं मत म्हणजेच पैसा. ते चुकलं तर नुकसानही पैशातच होतं.

चूक कुठे कुठे होऊ शकते?

ग्राहकांच्या तक्रारी साधारण पाच प्रकारच्या असतात.

पहिली, नाणं हाताळताना किंवा सील करताना खराब झालं. दुसरी, ये-जा करताना हरवलं. तिसरी, ग्रेड चुकली, म्हणजे जास्त दिली किंवा कमी दिली. चौथी, खोट्या नाण्याला खरं ठरवलं. पाचवी, लेबलवर वर्ष, टाकसाळ किंवा प्रकार चुकीचा छापला.

ग्राहकाला हे सगळं सारखंच वाटतं, 'कंपनीने चूक केली'. पण भरपाईच्या बाबतीत या पाचही गोष्टींचे रस्ते वेगळे आहेत.

कंपनीची हमी काय देते आणि काय देत नाही?

मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या लेखी हमी देतात. स्लॅबमधलं नाणं खोटं निघालं किंवा त्याची ग्रेड जास्त दिली गेली होती असं पुनर्तपासणीत ठरलं, तर कंपनी ते विकत घेते किंवा दोन ग्रेडमधल्या बाजारभावाचा फरक देते.

पण यात काही बारकावे आहेत.

पुनर्तपासणी कंपनी स्वतःच करते आणि बाजारभावही बहुधा तीच ठरवते. ग्रेड कमी मिळाली असेल तर भरपाई नसते, नाणं पुन्हा तपासायला देता येतं इतकंच. लेबलवरची उघड दिसणारी छपाईची चूक हमीत बसत नाही, ती फक्त दुरुस्त करून मिळते. स्लॅब फोडला की हमी संपते.

तांब्याच्या नाण्यांचा रंग नंतर बदलला, तर ते नुकसानही हमीबाहेर असतं. महाराष्ट्रातल्या संग्राहकांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण शिवराई तांब्याचीच आहे आणि मुंबईची दमट हवा तांब्याला सोसत नाही.

आणखी एक गोष्ट. नाणं आधीच घासून-पुसून चमकवलेलं असेल, तर त्याला आकडाच मिळत नाही. 'डिटेल्स' असा शेरा मिळतो. घरात सापडलेलं नाणं चिंच, लिंबू किंवा भांडी घासायच्या पावडरने चकाचक करून दिलं, तर खाली आलेल्या किमतीची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही.

ग्रेड हे सत्य की मत?

हा वाद जुना आहे. पीसीजीएस सुरू होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे १९९० मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. ग्रेडिंग पूर्णपणे वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण असल्याचा दावा फुगवलेला आहे, असं म्हणणं होतं. प्रकरण तडजोडीने मिटलं.

त्यातला मुद्दा आजही लागू आहे. एकच नाणं दोनदा दिलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. म्हणून 'मला ६३ ऐवजी ६२ का दिले' ही तक्रार भरपाईच्या वाटेवर फार पुढे जात नाही. 'माझं नाणं तुमच्या ताब्यात असताना खराब झालं' ही तक्रार मात्र जाऊ शकते.

जुना रुपया परदेशी पाठवता येतो का?

इथे अनेक जण अडकतात. पुरातन वस्तू आणि कला संपदा कायदा, १९७२ नुसार किमान १०० वर्षं जुनं नाणं 'पुरातन वस्तू' ठरतं. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. विकायला नाही आणि 'फक्त तपासायला पाठवतोय, परत येणार आहे' म्हणूनही नाही.

म्हणजे डब्यातला १९३९ चा रुपया आज या कायद्यात अडकत नाही. तो १०० वर्षांचा होईल २०३९ मध्ये. पण १९११ चा रुपया किंवा शिवराई कुरिअरने अमेरिकेला पाठवणं गुन्हा ठरू शकतो. अशा पार्सलचं वाटेत काही झालं, तर नुकसानभरपाई बाजूलाच राहील, पाठवणाराच अडचणीत येईल. त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या नाण्यांसाठी देशातच होणारं ग्रेडिंग हाच रस्ता उरतो.

नाणं वाटेत हरवलं तर?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा निकाल माहीत असायला हवा. कुरिअरच्या पावतीवर जबाबदारी १०० डॉलरपुरतीच आहे, अशी अट होती. पाठवणाऱ्याने त्या पावतीवर सही केली होती. ग्राहक मंच ही अट बाजूला सारून जास्त रक्कम देऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

अर्थ सरळ आहे. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेली मर्यादा तुम्हाला बांधून ठेवू शकते.

त्यात अनेक कुरिअर कंपन्या चलन, मौल्यवान धातू आणि पुरातन वस्तू स्वीकारतच नाहीत. मग लोक पावतीवर 'कागदपत्रं' किंवा 'गिफ्ट' लिहून नाणं पाठवतात. पार्सल हरवलं की हेच दोन शब्द दावा बुडवतात. टपाल खात्याची जबाबदारीही टपाल कार्यालय कायदा, २०२३ ने मर्यादित ठेवली आहे. म्हणून नाणं पाठवायचंच असेल, तर खरी माहिती आणि खरी किंमत जाहीर करून, विमा उतरवूनच पाठवावं. अंधेरी किंवा घाटकोपरहून शहरातल्याच कार्यालयात द्यायचं असेल, तर लोकल पकडून स्वतः नेऊन देणं आणि सही-शिक्क्याची पोच घेणं सगळ्यात सुरक्षित.

भारतात यासाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. सोन्याच्या दागिन्यांशी तुलना केली की फरक लगेच कळतो.

दागिन्यांच्या हॉलमार्किंगमागे भारतीय मानक ब्युरो आहे. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. हॉलमार्क असलेला दागिना सांगितलेल्या शुद्धतेपेक्षा कमी निघाला, तर ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाला कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. सूत्र ठरलेलं आहे.

नाण्यांच्या ग्रेडिंगला असा नियामकही नाही आणि असं सूत्रही नाही. त्यामुळे दोन सर्वसाधारण कायद्यांचा आधार घ्यावा लागतो.

पहिला भारतीय करार कायदा, १८७२. तुम्ही इस्त्रीला कपडे देता, तेव्हा मालकी तुमचीच राहते, ताबा फक्त त्याच्याकडे जातो. नाणं ग्रेडिंगला देणं हेही तसंच. कायद्याच्या भाषेत याला 'निक्षेप' म्हणतात. कलम १५१ नुसार, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताबा घेणाऱ्याने घ्यायला हवी. तेवढी घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास तो नुकसानीला जबाबदार नाही, असं कलम १५२ सांगतं.

दुसरा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. फी घेऊन केलेलं ग्रेडिंग ही 'सेवा' आहे. त्यात निष्काळजीपणा, कमतरता किंवा माहिती दडवणं असेल, तर ती 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. ग्राहक आयोग फी परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

संग्राहक 'ग्राहक' ठरतो का?

छंद म्हणून नाणी जमवणारा ठरतो. पण नाणी घेऊन, ग्रेड करून, विकून नफा कमावणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्याबाबत समोरचा पक्ष 'ही सेवा व्यावसायिक हेतूने घेतली' असा आक्षेप घेईल. स्वयंरोजगारातून फक्त उदरनिर्वाहासाठी हे काम करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण ती सिद्ध करावी लागते.

आणि चूक सिद्ध कोणी करायची?

तक्रारदाराने. याबाबतीत २०२१ चा एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी आहे. प्रकरण नाण्यांचं नव्हतं, शेंगदाण्यांचं होतं. निर्यातदाराने माल जहाजावर चढवण्याआधी तपासणी कंपनीकडून तपासून घेतला. ग्रीस आणि नेदरलँड्सला पोहोचल्यावर माल निकृष्ट निघाला. राष्ट्रीय आयोगाने तपासणी कंपनीला दोषी धरलं, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तपासणी झाली त्या वेळी माल कसा होता, याचीच जबाबदारी कंपनीवर होती आणि त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

नाण्यालाही हाच तर्क लागतो. ओरखडा ग्रेडरच्या टेबलावर पडला की आधीच होता? हे दाखवणारा पुरावा तुमच्याकडे नसेल, तर तक्रार कितीही खरी असली तरी टिकणं कठीण.

अंधेरी ते मुलुंड: तक्रार कुठे करायची?

सगळ्यात आधी कंपनीला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून कमी पडतं. नाणं किंवा स्लॅब ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळावरून घेतला असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण कंपनीशी मध्यस्थी करते. विलेपार्ल्यात मुख्यालय असलेली मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांसाठी काम करते, तिथेही मार्गदर्शन मिळतं.

तरीही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांचा मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा आहे. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. या जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे.

२०१९ च्या कायद्याने इथे एक मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार करता येते. ग्रेडिंग सेवा दुसऱ्या राज्यात असली तरी मुलुंडच्या ग्राहकाला तिथे खेटे घालावे लागत नाहीत. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

तक्रारीची फी ठरते ती मोजलेल्या रकमेवर, नाण्याच्या किमतीवर नाही. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असेल तर फी शून्य. ग्रेडिंगची फी त्यापेक्षा कितीतरी कमी असते, म्हणजे नाणं लाखांचं असलं तरी तक्रार मोफत. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांच्या मोबदल्यापर्यंत आहे. मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. कायद्यानुसार प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाली काढायचं असतं. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवावी.

कंपनीच्या अटीच एकतर्फी आहेत, असं म्हणायचं असेल तर? 'अनुचित करार' ही कल्पना २०१९ च्या कायद्यात आली. पण अशी तक्रार जिल्हा आयोगात होत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं.

परदेशी कंपनीविरुद्ध मात्र आदेश मिळाला तरी तो अमलात आणणं अवघड असतं. म्हणून भारतातल्या ज्या अधिकृत विक्रेत्यामार्फत नाणं दिलं, त्याने कोणती जबाबदारी लेखी घेतली आहे, हे आधीच बघायला हवं.

नाणं देण्याआधी काय करायचं?

• नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो काढा. तारीख दिसेल असे ठेवा. कडेचा फोटो बहुतेक जण विसरतात.

• दोन दशांशांपर्यंत वजन करा आणि काट्यावरच्या नाण्याचा फोटो ठेवा.

• अर्जात नाण्याची किंमत प्रामाणिकपणे लिहा. फी किंवा विमा वाचवायला कमी लिहिली, तर नाणं हरवल्यावर तीच रक्कम तुमच्यासमोर ठेवली जाईल.

• हमीचा कागद मागा. ताब्यात असताना नुकसान झालं तर कमाल किती रक्कम मिळेल, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

• परत आलेलं पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. स्लॅब फोडू नका. प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा, कारण खोटे स्लॅबही बाजारात असतात.

• रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी जुन्या नाण्यांवर कमिशन, शुल्क किंवा कर मागत असेल, तर ती फसवणूक आहे. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा जाहीर इशारा दिला आहे.

मग त्या दोन रुपयांचं काय होईल?

ग्रेड कमी आली म्हणून नातवाला भरपाई मिळण्याची शक्यता कमी, कारण ग्रेड हे मत आहे. तो पुनर्तपासणी मागू शकतो. ओरखड्याचा प्रश्न मात्र वेगळा. देण्याआधीचा कडेचा फोटो, सही-शिक्क्याची पोच आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ त्याच्याकडे असेल, तर वांद्र्याच्या आयोगात त्याची बाजू भक्कम आहे. यातलं काहीच नसेल, तर कायदा त्याच्या बाजूने असूनही हातात फारसं काही उरत नाही.

आजोबांनी तो रुपया कित्येक वर्षं डब्यात जपला. तो दुसऱ्याच्या हातात देण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. भरपाईची पहिली पायरी तीच आहे.